आकाशी रंगाची जोडी

माझ्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मी रंगाच्या दोन डब्यांनी मोडलं.

तेव्हा आम्ही दिंद्रुडला राहायचो. आप्पांचं किराणा दुकान, मागे घर. भिंतींना दर दिवाळीला चुना, त्यात चिमूटभर नीळ. पण गावात नुकतंच केबल आलं होतं, रोज नव्या रंगांच्या जाहिराती दिसायच्या, आणि मी औरंगाबादेहून बी.कॉम. होऊन परतलो होतो. (म्हणजे मला सगळंच कळत होतं!) सुमीला बघायला लिंबागणेशचे पाहुणे येणार म्हटल्यावर मी माजलगावहून शेडकार्डच आणलं आणि बैठकीसाठी बोट ठेवलं फिक्या आकाशीवर.

"लई गोड हाय," आई म्हणाली. "खाली मातर बिस्किटी घे बाबा. निळ्याला जरा ऊब पायजे."

"आई, मॅचिंग असतं ते! खाली कमरेपर्यंत गडद निळा!"

"चुन्याला काय झालतं?" आप्पांनी विचारलं. मी तोवर डबे आणायला निघालो होतो.

रंगारी बाबूभाई डबे बघून घुटमळला. "साहेब, ही जोडी आदी एका ठिकानी मारलीय मी…"

"मग झालं! अनुभव आहे ना? मार!"

ते ठिकाण कोणतं, हे मी विचारलं असतं तर! ते म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतला सरकारी दवाखाना.

भिंती वाळायच्या आत एक आजी आल्या आणि बाकावर दंड उघडा करून बसल्या. "सुई हळू टोच रं लेकरा." आईनं त्यांना चहा पाजून वाट दाखवली. दुसऱ्या दिवशी एक बाई बाळाचं वजन करायला आली. आप्पांनी कुरकुर न करता दुकानातल्या काट्यावर बाळ तोललं! घरात सगळे हसत होते. मीही हसलो. तेव्हाच भिंतीवर चुना फासायला हवा होता.

कारण सुमीला तो मुलगा आवडला होता. शाळामास्तर होता, मावसबहिणीच्या लग्नात तिनं त्याला पाहिलं होतं. "कधी येनार हायत गं?" असं तिनं आईला चार वेळा विचारलं होतं. एरवी ती स्वतःहून काही मागत नसे.

पाहुणे आले. पोहे झाले. मुलगा सुमीला काही विचारणार, एवढ्यात दारातून दोन गडी एका म्हाताऱ्याला उचलून आत शिरले आणि त्याला थेट दिवाणावर, मुलाच्या आणि त्याच्या वडिलांच्या मधोमध आडवं केलं!

"डाक्टर, आदी सलाइन लावा!" एक गडी माझ्यावर ओरडला.

"अहो, मी डॉक्टर नाही!"

"मग कंपाउंडर तर कंपाउंडर, पर लावा!"

तेवढ्यात म्हातारा ओकला. मुलाच्या वडिलांच्या कडक इस्त्रीच्या धोतरावर!

मी जागचा हललो नाही. सुमीनं मात्र पदर खोचला, पाणी आणलं, म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. "सिस्टर, असंच धरा," गडी म्हणाला. तिनं तसंच धरलं. "दादा, बघतोस काय? डॉक्टरला आन!"

मी डॉक्टरला घेऊन परतलो तेव्हा मुलाचे वडील ओलं धोतर सावरत उभे होते. "पोरगी नर्स हाय हे आमाला कावून सांगितलं न्हाई?"

"नर्स नाही हो! हे सगळं रंगामुळं…"

"कसला रंग?" त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा विश्वास बसला नाही. मुलानं जाताना एकदा मागे वळून पाहिलं. आठवड्यानं निरोप आला, योग नाही म्हणून.

सुमीनं साडीची घडी घातली. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर बोलेल. तिनं एवढंच विचारलं, "दादा, तो म्हातारा वाचला का रं?"

मी चौकशीच केली नव्हती.

पुढं ती नांदूरघाटला दिली गेली. सुखात आहे, असं सगळे म्हणतात, तीही म्हणते. मी तिची माफी मागितली नाही. दरवेळी ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो.

परवा तिनं घर रंगवायला काढलं आणि मला मुद्दाम बोलावलं. शेडकार्ड माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "दादा, तुला कोनता आवडतो, सांग." इतक्या वर्षांनी माफी मिळाली म्हणायची! मी बराच वेळ लावून, अगदी विचार करून, एका चौकोनावर बोट ठेवलं.

सुमी रंगाऱ्याकडे वळली. "ह्यो सोडून कोनताबी लाव."