मधल्या ओळी माझ्या नव्हत्या

मी शाहिराच्या पार्टीत झील धरायचे. म्हणजे पुढे उभा असलेला गाणारा एक ओळ म्हणतो आणि ती संपते न संपते तोच मागचे उचलतात. मागे आम्ही चौघं होतो. त्यातली मी एकटी उरले. शाहीरही गेला. तो काही देवमाणूस नव्हता. तोंडाने फटकळ, पार्टीतल्या बायकांना जेवायला वेळ द्यायचं त्याच्या कधी ध्यानात यायचं नाही. पण त्याच्यामागे मी वर्षानुवर्षं उभी राहिले, ते कोणी बळजबरी केली म्हणून नाही.

गेल्या वर्षी वर्तकनगरात आमच्या घरी एक मुलगी आली. घोडबंदर रोडला कुठल्याशा टॉवरमध्ये राहते. ती शाहिरावर फिल्म करत होती, नट नसलेली, खऱ्या माणसांची. तिच्याकडे त्याचे मोर्च्यातले फोटो होते, पोलिसांच्या गाडीत चढतानाचा होता, जुन्या टेपवरची गाणीही होती. एक गाणं मात्र कुठेच सापडत नव्हतं. ज्या गाण्यापायी त्याला दोनदा आत टाकलं तेच. ते त्याने कधी कागदावर उतरवलं नाही. कागद सापडला की पोलीस तोच पुरावा धरतात, असं तो म्हणायचा. कोणी टेप घेऊन बसला असेल तर त्या गाण्यापुरती बंद करायला लावायचा.

"आजी, तुम्हाला येत असेल ना?" मुलीने विचारलं.

मी हो म्हटलं. आयुष्यभर जे गाणं उभ्याने म्हटलं ते येत नाही असं कोण म्हणेल?

कॅमेरा लावला. मी मांडीवर ठेका धरला आणि सुरू केलं, "जाब विचारा, जी जी." मग थांबले. मग परत, "जाब विचारा, जी जी." असं तीन-चार वेळा झालं. मुलगी माझ्या सुनेकडे बघायला लागली.

सून म्हणाली, "आई, मधलं म्हणा की. नुसतं जी जी काय करताय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मधलं मला येतच नव्हतं. कारण शाहीर दुपारीच वस्तीत जायचा. नळावर, पिठाच्या गिरणीपाशी उभा राहून बायकांशी बोलायचा आणि संध्याकाळी त्याच वस्तीचं गाऱ्हाणं ओळीत बसवायचा. पुढच्या वस्तीत पुढच्या ओळी. आमचा कान फक्त शेवटच्या शब्दावर. अर्थ ऐकत बसलं की झील चुकते, आणि चुकली की तो भर कार्यक्रमात मागे वळून विचारायचा, "बाई, भाकरी खाल्ली नाही का आज?" गाणं शेकडो वेळा म्हणूनही माझ्यापाशी एकही ओळ नव्हती.

मी तसं सांगितलं. मुलगी वायरी गुंडाळत म्हणाली, "मग ते गाणं गेलंच म्हणायचं." रागाने म्हणाली नाही. तरी पुढे कितीतरी दिवस भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तेच डोक्यात. बाकीचे तिघं मरून सुटले. गाणं माझ्या हातून गेलं.

फिल्म तयार झाल्यावर तिने ती पहिल्यांदा आंबिवलीच्या एका वस्तीत दाखवली, विहाराच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. त्या बाजूला आमचे पुष्कळ कार्यक्रम झालेले. आजूबाजूच्या वस्त्यांतली जुनी माणसंही आली होती. माझा भाग तिने काढून टाकला असेल असं मी धरून चालले होते. काढला नव्हता. माझं तोंड भिंतीएवढं झालेलं. मी "जाब विचारा, जी जी" म्हणते आणि गप्प होते, मांडीवर हात चालूच. मी खाली मान घालून बसले.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एका बाईने ओळ म्हटली.

"टाकी बांधली टेकडीवरती, पाइप वळला बंगल्याकडं..."

आणि पडद्यावरच्या माझ्या तोंडाने नेमक्या वेळेला उचललं, "जाब विचारा, जी जी." माझ्या हाताने ओळीएवढी जागा मोजून सोडली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पुढच्या जागेत दाराशी बसलेल्या म्हाताऱ्याने म्हटलं, "गेटावरती नाव लिहिलं, कामाला घेतलं भलत्याला..."

बाई वळून म्हणाली, "ओ भाऊ, तसं नाय ते. टाकीचं आहे."

"तुमच्याकडं टाकीचं असंल, ताई. आमच्या चाळीत गेटाचंच गायला तो."

दोघांची चांगलीच जुंपली. मी बघतच राहिले. आम्हाला वाटायचं, पार्टी पुढच्या वस्तीत गेली की मागच्या ओळी संपल्या. संपल्या नव्हत्या. ज्याची त्याची ओळ ज्याने त्याने ठेवून घेतली होती. एवढं मोठं गाणं इतक्या घरांत पडून होतं आणि झडती घ्यायला येणाऱ्यांना कुठे बघायचं तेच कळलं नसतं. त्या माणसाची अक्कल मला त्या दिवशी दिसली. तो जिवंत असताना मी त्याची पाठ तेवढी बघत होते.

मुलीने फिल्म थांबवली, फोन काढला आणि मला झील द्यायला सांगितलं. झील बसून देत नाहीत. मला शेजारच्या दोघींनी धरून उभं केलं. म्हाताऱ्याने परत ओळ धरली, अर्ध्यावर त्याला धाप लागली. मी ठेका सोडला नाही. त्याने श्वास घेतला, ओळ पुरी केली, मी उचलली. मग एकेक जण उठायला लागलं. कोणाला अख्खी ओळ यायची, कोणाला अर्धी, एकीला आईकडून ऐकलेली. मुलगी रडत होती. तिला म्हटलं, फोन नीट धर.

शेवटी तिथल्या एका पुढाऱ्याने पुढे येऊन जोरात एक ओळ म्हटली. मी ती उचलली नाही. त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून परत म्हटली.

"मावशी, जी जी म्हणा ना."

"ही त्याची नाही," मी म्हटलं. "शाहीर शेवटचा शब्द असा टाकायचा की मागच्याला उचलायला जागा राहायची. तुमच्या ओळीत ती नाही."

तो हसत हसत खाली बसला. मी पुढच्या बाईकडे बघितलं आणि ठेका धरला.