देवरावभाऊंची सकाळची फेरी

"मॅडम, सकाळची फेरी झाली. आता दुपारच्या फेरीले कोणत्या गेटवर लागाचं?"

फोन देवरावभाऊंचा होता. मी चंद्रपुरात माझ्या खुर्चीत, समोर मक्केला उमऱ्यासाठी जाणाऱ्या एका चाचांचा पासपोर्ट. देवरावभाऊ परदेशात, एका भल्या मोठ्या थीम पार्कच्या दारात. दाराच्या बाहेरच्या बाजूला.

"बाहेर? बाहेर कायले आले तुमी?"

"टाइम झाला ना, मॅडम. चार घंटे झाले."

चाचांना म्हटलं, चहा घ्या तोवर. आणि फोन घेऊन मागच्या खोलीत गेले, कारण माझा आवाज आता चढणार हे मला ठाऊक होतं.

मी नसरीन. आमचं ट्रॅव्हल ऑफिस आहे. अब्बांनी बसच्या सीटचं काउंटर टाकलं होतं. बसचं अजून भाईजान पाहतो, विमानाचं माझ्याकडे. आमच्याकडे उमरा जास्त, त्याखालोखाल हनिमून. थीम पार्क मागणारे म्हणजे डॉक्टर नाहीतर खाणीतले साहेब लोक, पोरगं दहावीत जायच्या आधी एकदा उरकून टाकू म्हणणारे. देवरावभाऊंसारख्या, ताडोब्याच्या मोहर्ली गेटवरच्या सफारी गाईडनं थीम पार्क मागितलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मागितलं खरं तर त्यांच्या मुलीनं. प्रणाली पुण्यात नर्स आहे. तिनं फोनवर सांगितलं, आईबाबांना पाठवायचंय, पार्क आईनंच मोबाईलवर पाहून ठरवलंय. पार्कचं नाव मी लिहीत नाही, त्यांनी मला जाहिरातीचा रुपया दिलेला नाही. आपल्या पूर्वेला, आपल्याहून अडीच तास पुढचं घड्याळ. अशा ठिकाणाला आमच्या भाषेत रिसॉर्ट पार्क म्हणतात. म्हणजे हॉटेल, पाळणे, दुकानं, तलाव सगळं एकाच कुंपणात, आणि रात्री दिव्यांचा आणि आतषबाजीचा मोठा शो. बहुतेक लोक तो शो पाहायलाच जातात.

पहिली भानगड तारखांची. ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, पावसाळ्यात बंद असतो. बाकी वर्षभर देवरावभाऊ सकाळच्या फेरीला जिप्सीत, दुपारच्या फेरीला जिप्सीत. सुट्टी मिळाली तर पावसाळ्यात. आणि पावसाळ्यात त्यांच्या बायकोच्या, सुनंदाबाईंच्या माहेरी, सावली गावाला, धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी. रोवणीच्या वेळेस लेक माहेरी गेली नाही तर तिकडचे लोक वर्षभर ऐकवतात. शेवटी रोवणी आटोपल्यावर आणि गेट उघडायच्या आधी असे मोजके दिवस सापडले. मी विमान, हॉटेल, पार्क सगळं त्यात कोंबलं.

नवराबायको दोघं ऑफिसात आले. देवरावभाऊ उंच, सुकलेले, अंगात गाईडचाच हिरवट शर्ट. मी पार्कचा नकाशा समोर ठेवला, तर त्यांनी खिशातून पेन काढला.

"यात पाणी कुठी हाये?"

"पाणी पियाचं का?"

"नाई, पाणवठा. जनावर पाण्यावर येतेच ना. गर्दी तिथीच असन."

सुनंदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत हसू आणि थोडी लाज, जशी आपल्या माणसाची वाटते तशी. भाऊ मात्र नकाशात बुडालेले. कोणता रस्ता कुठी फुटते, कोणत्या पाळण्यावर आधी जाचं, कोणत्या वाटेनं परत याचं, सगळं आखून झालं. मग बायकोला म्हणाले, गुलाबी साडी नेऊ नको, मातकट रंगाचं काही घे. आणि सेंट लावू नको.

"तिथी वाघ हाये का?" सुनंदाबाई म्हणाल्या. "मी गुलाबीच नेसीन."

भाऊ भाईजानकडे बसचं विचारायला उठले, तेव्हा त्या खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "मॅडम, एक सांगू? मले पार्क कोणतंबी चालन. फक्त ह्यायले माह्या बाजूले बसवा."

"बाजूलेच बसतीन ना. दोन तिकिटं हायेत."

"तुमाले नाई समजणार. लग्नाच्या साली महाकालीच्या यात्रेत आमी पाळण्यात बसलो होतो. त्याच्यानंतर काई नाई. यात्रा येते चैतात, तवा ह्यायचा सीझन. एकदा जिप्सीत गेली मी, त हे पुढं उभे, माह्याकडं पाठ. वाघ दिसला त नागपूरच्या पावण्याले दाखवलं, मले म्हणे चूप बस. घरी येतेत त झोपून जातेत. माणूस चांगला हाये, मॅडम. पण सगळ्या दुनियेले दाखवून राह्यला, मी पाठच पाहून राह्यली."

त्या रडत नव्हत्या. उन्हाळा फार आहे म्हणावं, तसं म्हणाल्या. मी वही बाजूला ठेवली आणि ठरवलं, या बाईचं काम नीट झालं पाहिजे. विमानात शेजारची सीट, पाळण्यात शेजारची सीट, रात्रीच्या शोला बसायची जागा, सगळं जोडीचं. आणि जायच्या आधी दोघांना समोर बसवून बजावलं, "आत गेले की दिवसभर आतच राहाचं. रात्रीचा शो पाहूनच बाहेर."

दोघांनी माना डोलवल्या होत्या. आणि आता हे महाशय भर दुपारी गेटबाहेर.

"देवरावभाऊ, मी सांगतली होती ना, दिवसभर आत?"

"हो ना. सकाळी एक फेरी, दुपारी एक फेरी. दिवसभरच झाला."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्यांनी ताडोबा पाहिलं नाही त्यांना सांगते. तिथे सफारीच्या दोन फेऱ्या असतात. वेळ झाली की जिप्सी गेटबाहेर हवी. उशीर झाला तर गाईड आणि ड्रायव्हर दोघांवर बंदी येते, काही दिवस काम बंद. त्यामुळे समोर वाघीण पिल्लं घेऊन बसलेली असो, गाईड घड्याळ पाहतो आणि गाडी वळवतो. देवरावभाऊंनी उभ्या आयुष्यात एक गाडी उशिरा काढली नव्हती. ही त्यांची मोहर्लीत इज्जत. परदेशात गेले म्हणून काय सवय इथेच ठेवून जातील?

"भाऊ, तुमचं तिकीट फुल डे हाये. सकाळपासून रात्रीपर्यंत, एकच."

पलीकडे कागद चुरचुरला. मग हळूच आवाज आला. "फुल डे? मॅडम, फुल डे परमिट त मोठ्या कॅमेरेवाल्याचं असते. आपल्याले कोण देते?"

 चूक त्यांची म्हणावी तर ती अक्कल त्यांना आमच्याच जंगलानं शिकवलेली.

मी म्हटलं, घाबरू नका, बहुतेक पार्कात री-एंट्री असते. री-एंट्री म्हणजे बाहेर पडून त्याच तिकिटावर परत आत जाणं. त्यासाठी बाहेर पडताना हातावर एक शिक्का मारतात. "शिक्का मारला ना?"

"ते पोरगी मारून राह्यली होती. मी म्हटलो, नो थँक यू, ट्रिप कम्प्लीट."

"आणि बाईनं?"

"तिनं मारून घेतला. ते पोरगी हसून राह्यली म्हणे, म्हणून हात पुढं केला."

मी मुंबईच्या ऑपरेटरला फोन लावला. ऑपरेटर म्हणजे आमच्यासारख्या लहान एजंटांना तिकिटं पुरवणारा मोठा एजंट.

"नो स्टँप, नो एंट्री, मॅडम. सिंपल आहे," तो म्हणाला.

"नवीन तिकीट काढून द्या. मी भरते."

"आजचं फुल आहे. त्यांच्याकडे सुट्ट्या चालू आहेत."

"उद्याचं?"

"उद्या तर त्यांची रिटर्न फ्लाइट आहे ना? तुम्हीच बुक केली आहे."

फोन ठेवला. भाईजाननं दारातून डोकं घातलं. म्हणाला, "बाई तो अंदर जा सकती है ना? मग आधा काम झालं." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो डोकं घेऊन परत गेला. हे काम अर्धं होण्यातलं नव्हतंच.

परत फोन केला आणि जे होतं ते सांगितलं. देवरावभाऊ म्हणाले, "बरं झालं, एकाचं त होते. तिले जाऊ द्या. मी इथी झाडाखाली बसतो. मले बसाची सवय हाये."

मग फोन सुनंदाबाईंनी ओढून घेतला.

"मॅडम, मी एकटी जाऊन काय करू? एकटी त मी मोहर्लीतबी होती."

"बाई, गेटच्या बाजूला गेस्ट सर्व्हिसची खिडकी असन. तक्रार-विनंतीची. तिथी भाऊले जाऊन सांगू द्या, चुकून बाहेर आलो म्हणून. मी फोनवरून इंग्रजीत बोलते."

मागून भाऊंचा आवाज आला. "मी नाई जात. आमच्या गेटवर रोज लोक हात जोडतेत, साहेब सोडा, चुकून उशीर झाला. मी कोणासाठी शब्द टाकतो का? आता मीच हात जोडू?"

"तुमी नका जोडू," सुनंदाबाई म्हणाल्या. "तुमी उभे राहा. आज पुढं मी, तुमी मागं."

फोन चालूच होता. पर्सच्या चेनचा आवाज, गर्दीचा आवाज, कुठेतरी बँड. मी कानाला फोन लावून मागच्या खोलीत उभी. मग त्यांचा आवाज आला. माझी इंग्रजी त्यांनी मागितलीच नाही. स्वतःचीच काढली. मोहर्लीतल्या एका रिसॉर्टच्या किचनमध्ये काम करून जेवढी आली होती तेवढी.

"मॅडम. माय हसबंड. मिस्टेक." बहुधा स्वतःचा शिक्क्याचा हात दाखवला आणि नवऱ्याचा कोरा हात पुढे ओढला. "ही टायगर गाईड. इंडिया. फोर अवर, फिनिश, आउट. एव्हरी डे."

खिडकीतली मुलगी म्हणाली, "टायगर? रिअल टायगर?"

"येस, रिअल. ही शो ऑल पीपल टायगर." मग जरा थांबल्या. "मी, नो शो. टुडे फर्स्ट. टुगेदर."

खिडकीतली खुर्ची सरकली. मग ती मुलगी कोणाशी तरी तिच्या भाषेत बोलली. एक पुरुषाचा आवाज आला, त्यानं तिकीट मागितलं, मशीनचा टिक टिक आवाज झाला. मी मनात दुआ पढत होते. शेवटी तो पुरुष म्हणाला, "सर, युवर हँड प्लीज."

फोन कट झाला. माझे डोळे भरून आले होते, आणि बाहेर येऊन मी चाचांना त्यांच्याच पासपोर्टची झेरॉक्स दोनदा मागितली.

परतल्यावर दोघं ऑफिसात आले. सोबत सावलीच्या पोह्यांची पिशवी आणि माझ्यासाठी एक की-चेन. सुनंदाबाई गुलाबी साडीत. बसल्याबसल्या त्यांनी सगळा शो सांगितला. तलावातून पाणी कसं उडालं, त्या पाण्यावरच चित्रं कशी चालली, आतषबाजी कशी अर्ध्या आभाळभर झाली. हातांनी दाखवून सांगितलं. भाईजानसुद्धा काउंटर सोडून ऐकत उभा.

मी देवरावभाऊंना विचारलं, "तुमाले काय आवडलं, भाऊ? तुमची नजर त आमच्याहून तेज."

"मले शो नाई सांगता येणार, मॅडम."

"काऊन? झोपले का काय?"

"नाई." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आमची सवय खराब हाये. वाघ निघाला की आमी वाघ नाई पाहत, पावण्याचं तोंड पाहतो. वाघ त रोजचाच. पण त्या पावण्याचं तोंड असं होऊन जाते, लहान पोरावानी. म्हणून त ह्या कामात राह्यलो एवढी वर्षं." मग बायकोकडे न बघता म्हणाले, "हिचं तसं तोंड मी पाह्यलोच नव्हतो. त्या दिवशी तेच पाहत होतो. शो तिलेच विचारा."

सुनंदाबाई खाली पाहून पोह्यांच्या पिशवीची गाठ घट्ट करू लागल्या. ती आधीच घट्ट होती. भाईजाननं चहा सांगितला.

आता धंद्याचं. मोहर्लीकडचा कोणीही कस्टमर आला की मी पहिलं वाक्य हेच सांगते, पार्कात फेरी नसते. दुसरं सांगते, बाहेर पडताना शिक्का दोघांनी मारून घ्यायचा. आणि एकच मिळणार असेल तर तो बायकोच्या हातावर मारून घ्यायचा. तिच्या हातावर असला तर नवरा आत जातो. उलटं असतं तर काय झालं असतं, हे मी देवरावभाऊंना विचारलेलं नाही.