बॅटीचा आवाज

वऱ्हाडात वेळेवर काही होत नाही आणि आमच्या अकोल्याच्या साडभाऊंना क्षणाचा उशीर खपत नाही. एवढ्या एका कारणावरून हा माणूस जन्मभर साऱ्या जगाशी भांडत आला. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. भातकुलीच्या एका लग्नात नवरदेव अजून वरातीतच नाचत होता, तर यांनी मुहूर्ताच्या ठोक्याला रिकाम्या स्टेजवर अक्षता फेकल्या आणि सरळ पंगतीत जाऊन बसले. वधूपिता हात जोडून आला तर म्हणाले, "आमच्या घड्याळात लग्न लागलं. तुमी लावत बसा आता." अशा माणसाच्या घरात उशीर शिरला तो टीव्हीतून.

त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि त्याचा गेम खेळायचा कन्सोल घरीच राहिला. त्यावर क्रिकेट खेळायचं वेड कोणाला लागावं, तर आमच्या ताईंना, म्हणजे साडभाऊंच्या बायकोला! दुपारची झाकपाक झाली की ताई बॅटिंगला आणि साडभाऊ बॉलिंगला. भांडणं अशी, की शेजारीण विचारायला यायची, "काहून वं, काय झालं?" ताईंना कमी ऐकू यायला लागलं होतं, दोन्ही कानांत मशीन होतं. म्हणून साडभाऊंनी टीव्हीचा आवाज मोठा करणारा रिसीव्हर आणि कपाटाएवढे स्पीकर आणले. खिडक्या थरथरायच्या. पण तेव्हापासून चेंडू सीमेकडे निघून जायचा आणि बॅटीचा 'टक्' मागाहून यायचा. मीही पाहिलंय, खोटं कशाला बोलू?

त्याच सुमारास अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऐकू येणं आणखी कमी होत जाईल, पुढे मशीनचाही उपयोग राहणार नाही. ताईंनी कागद घडी घालून पिशवीत ठेवला. साडभाऊ मात्र पायऱ्या उतरतानाच कडाडले, "काय समजते त्या डाक्टरले? हिचे कान चांगले हायेत. आवाजच मागून येऊन राह्यला, तं ते काय करतीन?" झालं! पुढे कुकरची शिट्टी ऐकू न येऊन वरण करपलं, तरी दोष रिसीव्हरचा. म्हणे, दिवसभर शिळा आवाज ऐकून तिच्या कानाची सवय बिघडली. मला हसू यायचं आणि संतापही. अरे बाबा, बायकोचे कान चाललेत, आणि तू वायरी कसल्या हुंगतोस!

पण हा गडी ऐकेल तर शपथ. मी अमरावतीहून गेलो की चहाआधी माझ्या हातात वायर. टीव्हीत गेम मोड लावून झाला, रिसीव्हरच्या साऱ्या करामती बंद करून झाल्या. शेवटी एकदा त्यांनी कन्सोलची वायर टीव्हीतून उपसून थेट रिसीव्हरला लावली आणि तिथून चित्र टीव्हीला दिलं. बॅट फिरली, 'टक्' त्याच क्षणी! साडभाऊ लहान पोरासारखे नाचले. "सांगितलं होतं ना तुले? वायरीतच खोट होती!"

ताईंना हाक मारून उपयोग नव्हता. हाताला धरून आणलं. त्या गडबडीत सोफ्यावरच्या रिमोटवर कोणीतरी बसलं आणि आवाज बंद झाला. ताईंनी पहिल्याच चेंडूवर सिक्सर मारला. खोलीत फक्त पंख्याची कुरकुर. आवाज गेल्याचं साडभाऊंच्या ध्यानात आलं ते विचारून झाल्यावर, "बराबर आला?"

ताई त्यांच्या तोंडाकडे पाहून हसल्या. "आता कसा बराबर आला! बॅट लागली अन् तवाच टक् वाजलं."

मी रिमोटकडे हात नेला. साडभाऊंनी माझं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट. "राहू दे," एवढंच म्हणाले. आता वायरीला बोल लावायची सोय उरली नव्हती.

मला अजून राग येतो. त्या कानांचा, देवाचा, आणि नवऱ्याचं मन राखायला असं हसत खोटं बोलणाऱ्या ताईंचासुद्धा. पूर्वीचा तो भांडकुदळ माणूस कितीही छळत असला तरी बरा होता. हल्ली अकोल्याला गेलो की दोघं बिनआवाजाचं क्रिकेट खेळत असतात. स्पीकरवर ताईंनी मनीप्लांटची बाटली ठेवली आहे. त्या फटका मारतात आणि वळून पाहतात. साडभाऊ तयारच असतात, ताईंना ओठ नीट दिसतील असं तोंड पुढे करून म्हणतात, "टक्."