मोटारीची टकटक

बहात्तर साली धाकट्या बहिणीला लग्नासाठी जामखेडला नेताना माझी सेकंडहँड मोटार टकटक वाजू लागली. मुहूर्त जवळ आला होता. रस्त्याकडेच्या मेकॅनिकने लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"ताई, जरा बांगड्या वाजवू नगा," तो बहिणीला म्हणाला.

फॅनबेल्टची फाटलेली कड पत्र्यावर आपटत होती. इंजिन बंद करून त्याने ती ब्लेडने कापली. पुन्हा सुरू केलं, तर टकटक गायब!

"इंजन ठणठणीत हाय. घाबरलाय ते तुमी!"

मग त्याने बहिणीलाही तसाच कान लावायला सांगितलं. "ऐका, कसं मजेत चाललंय."

ती ऐकता ऐकता खुदकन हसली. सकाळपासून रडणाऱ्या तिला हसवणं आम्हां घरच्यांना कुणालाच जमलं नव्हतं.