वहिनीच्या मामांची सही

सही करण्याच्या बाबतीत आमच्या वहिनीच्या मामांइतका चिक्कू माणूस अख्ख्या रत्नागिरीत शोधून सापडायचा नाही. मामा परवानाधारक विद्युत ठेकेदार. नव्या घराला मीटर हवा तर वायरिंग तपासल्याच्या टेस्ट रिपोर्टवर अशा ठेकेदाराची सही लागते. काही जण ती चहा पिता पिता ठोकून मोकळे होतात, पण मामांकडून सही मिळवणं म्हणजे दगडातून तेल काढणं. परवाना फ्रेम करून देवांच्या शेजारी टांगलेला. नूतनीकरण झालं की त्याला हळदकुंकू, वर पेढ्याचा नैवेद्य! कुणाच्याही घरी गेले की "या, बसा" म्हणायच्या आत यांची नजर स्विचबोर्डावर. भावाच्या लग्नात मुहूर्त भरत आला, भटजी "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" म्हणून घसा फोडताहेत, आणि मुलीचे मामा मांडवामागे डेकोरेशनवाल्याची उघडी वायर हातात धरून उभे. "आधी ही जोडणी झाक, मग नवरी येईल!"

मी आईसाठी पालीच्या वाटेवर कातळावर घर बांधलं, तेव्हा घरचे ठेकेदार आहेत म्हणून निर्धास्त होतो. वास्तुशांतीला आठ दिवस, आमंत्रणं गेलेली. मामांनी तपासणीचं यंत्र लावून बघितलं आणि मान हलवली. अर्थिंगला ओल लागते, कातळात ओल कुठली? सही नाही.

"अहो मामा, घरचंच तर घर आहे!"

"म्हणूनच नाही. मेल्या, सही म्हणजे आंब्याच्या पेटीवरचा शिक्का वाटला काय तुला? कागदावर नाव माझं, पण घरात राहायची तुझी आई."

मी भडकलो. "तो परवाना घेऊन चाटत बसा," असं तोंडावर बोललो. आज आठवलं तरी जीभ चावावीशी वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर खालच्या कोपऱ्यात, जिथे जरा माती आहे तिथे, मामा दोन माणसं घेऊन हजर. स्वतः खड्ड्यात उतरले, ओल धरायला कोळसा-मीठ भरलं, तिथून घरापर्यंत तांब्याची पट्टी आणली. सातव्या दिवशी सही झाली. मी मात्र गाल फुगवूनच होतो, साधं "बरं झालं" म्हटलं नाही.

त्यानंतर दर उन्हाळ्यात मामांचा फोन ठरलेला. "खड्ड्याला पाणी घातलंस काय रे? तुळशीला विसरलास तर देव माफ करील, अर्थिंग नाही करणार." आम्ही हसायचो आणि घालायचो.

गेल्या थंडीत आई आंघोळ करत होती. खटकन मेन स्विच पडला. आतून आईचा आरडाओरडा, "अरे लाईट गेली रे, डोळ्यात साबण आहे माझ्या!" गिझरची कॉइल फुटली होती. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं नि म्हणाला, "अर्थिंग चांगलं म्हणून करंट सरळ जमिनीत गेला नि स्विच पडला. नाहीतर आजींचा ओला हात नळावर..." आई तिकडे टॉवेलने डोळे पुसत गिझर विकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरत होती.

तडक मामांकडे गेलो. तेव्हा कळलं, यंदा त्यांनी परवान्याचं नूतनीकरणच केलं नाही. गुडघे गेले. "खड्ड्यात उतरवत नाही रे आता. न बघता सही कशी करू?" इतकं साधं सांगितलं, जणू चष्म्याचा नंबर बदललाय. मी झालं ते सांगितलं आणि पाय धरले. "मामा, तेव्हा मी जे बोललो..."

"आई बरी आहे ना?"

"आहे. तुमच्यासाठी घावन पाठवलेत."

"मग झालं तर," म्हणाले आणि डबा उघडायला लागले. त्यांच्या हाताला झाकण उघडेना, म्हणून मी उघडून दिलं.

माझी मुलगी आता घर बांधायचं म्हणतेय. सही देणारे पुष्कळ मिळतील हो. पण तिला तोंडावर "नाही" म्हणणारा माणूस मी कुठून आणू?