मावशीचा अंगठा

“आ कर,” हे मावशीचं पहिलं वाक्य. कसा आहेस, कुठून आलास, हे सगळं त्यानंतर. थळच्या मासळी बाजारात ती पापलेट विकायची. गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं की माशाचा कल्ला अंगठ्यानं उचलून आतला लाल रंग दाखवायची, आणि तोच अंगठा पदराला पुसून गिऱ्हाइकाच्या गालात घालायची. वास यायचा तो यायचाच.

तुम्ही किनाऱ्यावरचे असाल तर कल्ला उचलून मासा ताजा की शिळा हे बघण्याचं तुम्हाला नवल वाटणार नाही. माणसांचे कल्ले उचलणारी बाई मात्र मी एकच पाहिली. तिचा नवरा तोंडाच्या कॅन्सरनं गेला होता आणि त्यानं शेवटपर्यंत कुणाला तोंडात बघू दिलं नव्हतं. तेव्हापासून हे वेड तिच्या अंगात शिरलं, असं बाजारातल्या बायका सांगायच्या. मत मागायला आलेल्या उमेदवाराला तिनं आधी आ करायला लावलं होतं. एका नवऱ्या मुलाचं तोंड तर साखरपुड्याच्या पंगतीतच तपासलं. त्याच्या तोंडात जिलेबी होती. ती संपेपर्यंत मावशी अंगठा वर धरून उभी राहिली.

मी तिथे गेलो तो रक्त घ्यायला. तोंडाच्या कॅन्सरची खूण रक्तात आधीच सापडते का, याचा शोध एका हॉस्पिटलात चालला होता. तंबाखू आणि मिश्रीवाल्या माणसांचं रक्त गोळा करायला त्यांनी मला नेमलं होतं, आणि माझ्याच खिशात तंबाखूची पुडी होती. मी मावशीला परोपरीनं सांगितलं की तपासणारा मी आहे. तिनं ऐकलं नाही. माझ्या डाव्या गालात अंगठा फिरवून ती म्हणाली, “हितं पांढरं हाय. आधी तुझं बघून घे, मग आमचं रगत काढ.”

मी चार दिवस रुसलो आणि मग गुपचूप डॉक्टरांना दाखवून आलो. चट्टा खराच होता. कॅन्सरपर्यंत गेला नव्हता, पण वाटेवर होता. पुडी त्या दिवशी सुटली ती कायमची.

रक्त द्यायला गावात कुणी तयार होईना. तेव्हा मावशीनं स्वतःचा हात आधी पुढे केला आणि जाहीर केलं की जो रक्त देणार नाही त्याला मासळी मिळणार नाही. श्रावण नुकताच संपला होता, माणसं माशासाठी आसुसलेली होती. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताची बाही वर, अशी रांग लागली. दुपारपर्यंत माझ्या नळ्या संपल्या.

नळ्या गार ठेवायची आमची पेटी मात्र तिला पोरखेळ वाटली. मी जेवायला गेल्यावर तिनं त्यात आपला फोडलेला बर्फ ठासून भरला आणि वर मूठमूठ जाडं मीठ टाकलं. मिठाशिवाय बर्फाला जोर येत नाही, हे तिला आईनं शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी मुंबईहून प्रयोगशाळेच्या साहेबांचा फोन आला. रक्त गोठून नासलं होतं, सगळ्या नळ्या वाया गेल्या होत्या, आणि पेटीत बांगडा कुणी ठेवला होता ते त्यांना जाणून घ्यायचं होतं. बांगडा मावशीनं त्यांनाच भेट पाठवला होता. तो उत्तम होता, हेही त्यांनी सांगितलं.

पुढच्या आठवड्यात गावानं पुन्हा रक्त दिलं. पहिलं शिळं झालं, असं मावशीनं सांगितल्यावर ते सगळ्यांना पटलं.

रक्ताबरोबर प्रत्येकाचं तोंडही तपासायचं होतं. मावशी तेवढं टाळायची. दिवसातून चारदा मिश्री लावणारी ही बाई, हात पुढे करायची आणि ओठ घट्ट मिटायची. रगत सांगेलच की, मग तोंड कशाला, हे तिचं म्हणणं. रक्त अजून काही सांगत नाही, आम्ही ते वाचायला शिकतोय, हे मी तिला अनेकदा समजावलं. ती मान हलवायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारायची, “काय बोललं रे माझं रगत?” मी भिडेखातर कधी तिला आ कर म्हणालो नाही. त्याची बोच अजून जात नाही.

पुढच्या शिमग्यानंतर ती नुसती पेज पिते असं कानावर आलं. एका दुपारी बाजार उठल्यावर तिनं मासे मांडायची फळी धुतली, मला उपड्या टोपलीवर बसवलं आणि स्वतःहून तोंड उघडलं. ते जेमतेम दोन बोटं उघडलं. मी अंगठा आत घातला. खालच्या हिरडीशी, मिश्री लावायची त्याच जागी, कडक गाठ लागली. गिऱ्हाइकं तिच्या तोंडाकडे बघायची तशी ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“मना ठाव हाय,” ती म्हणाली. “रोज अंगठा फिरवतंय मी. मालकाला व्हता तसाच हाय.” मग थोडं थांबून तिनं विचारलं, “ताजं हाय का शिळं?”

“ताजं आहे, मावशी.”

तोंड उघडत होतं तेवढी ती हसली. “पापलेट इकणारीला सांगतंस व्हय रे?”

ऑपरेशन झालं, त्यात जबडा आणि बोलणं गेलं. तरी ती बाजारात येऊन बसायची आणि नुसता अंगठा वर करायची. माणसं मुकाट तोंड उघडायची. पावसाळा संपायच्या आत ती गेली.

तिच्या रक्ताची नळी मुंबईत प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये आहे. ते अजून काही बोललेलं नाही. मी रविवारी थळला मासळी आणायला जातो. तिची फळी रिकामीच असते. परवा त्या फळीसमोर उभा होतो, आणि बऱ्याच वेळानं लक्षात आलं की माझं तोंड उघडं आहे. मिटायच्या आधी शेजारी बघितलं. पिशवी घेऊन उभा असलेला एक अनोळखी माणूसही आ करून थांबला होता.