दत्ताचा पिंपळ

मी जो काही झालो तो शिवराम मास्तरांमुळे. हे वाक्य मी आयुष्यभर सांगत आलो — घरात, कचेरीत, मुलीच्या लग्नातसुद्धा. त्याच्या पुढचं वाक्य मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

सातवीनंतर वडील मला शेतावर घालणार होते. मास्तर आमच्या उंबऱ्यावर येऊन बसले आणि वडील हो म्हणेपर्यंत उठलेच नाहीत. मग तालुक्याची शाळा, मास्तरांच्या बहिणीच्या घरचं जेवण, पुढं इंजिनिअरिंग. आमच्या घरात माझ्याआधी सही कुणाला येत नव्हती.

आमच्या गावाला ओढ्यावर एक मातीचं धरण होतं. धरण म्हणजे काय — मातीचा लांबट बांध, पाण्याच्या अंगाला दगड लावलेले, आणि मध्ये पाणी सोडायला एक दगडी मोरी. गावानं श्रमदानानं घातलेलं, पण जीव लावला तो मास्तरांनी. घुशींची बिळं बुजवायची, पावसानं पडलेल्या घळी माती घालून चोपायच्या — दर उन्हाळ्यात मास्तर पुढं आणि गाव मागं.

मी पास झाल्याचं कळलं तेव्हा गावानं आनंदानं काय करावं? त्या बांधावर, मोरीच्या बरोबर वर, माझ्या नावानं पिंपळ लावला. दत्ताचा पिंपळ. बाजाराला जाणारा माणूस बांधावरूनच जायचा. जो जाईल तो नाव घेणार. मला — कसं सांगू — मला ते फार आवडलं.

मुंबईत मी गिरगावात, खोताच्या वाडीमागं एका खोलीत राहायचो. नोकरी शिवडीला, खाडीलगतच्या भरावाच्या कामावर. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मास्तर शिवाजी पार्कच्या सभेसाठी गावाहून आले आणि माझ्याकडे उतरले. खोलीत आधीच आम्ही तिघं भागीदार, जागा एवढीशी. मास्तर म्हणाले, मुंबई मिळायची तेव्हा मिळेल, आधी मला पाय पसरायला जागा मिळू दे. सगळे हसलो.

सभेहून आम्ही दादरपासून चालतच परतलो. घोषणा देऊन मास्तरांचा आवाज बसला होता. परळच्या पुलाजवळ ते थांबले आणि बसक्या आवाजात म्हणाले, "दत्ता, ते झाड मोरीच्या डोक्यावर आलंय. मुळं खाली उतरली तर? अजून कंबरेएवढंच आहे. म्हणशील तर शाळेपुढं हलवतो. एकदा मोठं झालं की पिंपळाला हात लावायला कुणी धजायचं नाही."

मला काय माहीत नव्हतं? मातीच्या धरणावर झाड वाढू द्यायचं नाही, हा पहिला धडा. मुळं ओलाव्याच्या मागं आत शिरतात, मुळांच्या कडेनं पाण्याला वाट होते. आधी नुसता पाझर, मग पाण्याबरोबर माती. त्याच आठवड्यात शिवडीच्या भरावावर उगवलेली बाभळीची रोपं मी स्वतः उभं राहून उपटून घेतली होती. पण शाळेपुढं झाडांची रांगच होती. त्या रांगेतल्या झाडाला कोण कुणाचं नाव देतं?

"राहू द्या, मास्तर," मी म्हणालो. "मुळं माती धरून ठेवतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. बरं झालं तुला विचारलं, म्हणाले, जीव हलका झाला.

पुढं सुट्टीत जायचो तेव्हा पिंपळ वाढलेला दिसायचा. बायका त्याला दोरा बांधत. बांधाच्या पायथ्याशी, मोरीच्या कडेला, भर वैशाखात माती ओली असायची. मी पाहिलं. एकदा नाही, दर सुट्टीत पाहिलं. बोललो नाही. काय बोलणार होतो — की त्या दिवशी मी खोटं सांगितलं?

राज्य मिळालं त्याच वर्षी भाद्रपदात बांध फुटला. पिंपळाच्या बुंध्याशीच फुटला. माणूस गेलं नाही, पण खालच्या अंगाच्या शेतांतली माती वाहून गेली आणि दगडगोटे तेवढे उरले. त्यांत आमचंही शेत. धाकटा भाऊ बाळू गिरणीत काम शोधायला लालबागला मामाच्या चाळीत आला. तिथं कॉटवर बसून त्यानं सगळं सांगितलं.

गाव मास्तरांवर उलटलं होतं. बांधाची देखभाल त्यांच्याकडे, पिंपळही म्हणे त्यांनीच हौसेनं लावलेला. चावडीवर लोक नाही नाही ते बोलले. कुणीतरी विचारलं, तुमचा एवढा इंजिनिअर मुंबईत बसलाय, त्याला एका शब्दानं विचारलं होतं का?

"मास्तर म्हणाले, नाही विचारलं, माझीच चूक," बाळू सांगत होता. "म्हातारपणी अक्कल गेली बघ त्यांची. तुला नुसतं विचारलं असतं तर आपलं रान वाचलं असतं की रे."

ज्या माणसानं आम्हाला खोटं बोलल्याबद्दल उन्हात उभं केलं, तो माझ्यासाठी चावडीवर खोटं बोलला. मी तेव्हाच बाळूला खरं सांगायला हवं होतं. मी चहा प्यालो.

आणि दोन दिवसांनी पत्र लिहिलं. मुंबईहून आलेलं माझं पत्र मास्तर शाळेच्या ओसरीवर सगळ्यांना वाचून दाखवत. ती गावची रीतच पडली होती. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी ते तसं लिहिलं. बाळू पुढं गावी जाऊन आल्यावर म्हणाला, मास्तरांनी तेही पत्र वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, कुठंही न अडखळता. त्यानंतर ते चार पावसाळे जगले. पिंपळाचा विषय आमच्यात कधी निघाला नाही.

पत्रातला शब्द न् शब्द मला पाठ आहे.

तीर्थस्वरूप मास्तरांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

बाळूकडून बांधाची हकीकत कळली. फार वाईट वाटले. पाऊसच इतका झाला, त्याला कोण काय करणार. आपण प्रकृतीस जपावे. एवढेच वाटते की, झाडाबद्दल एकदा मला विचारले असते तर बरे झाले असते. असो. सर्वांस नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
दत्ता